घरी शिकलेली भूमिती

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील बर्नटायलंड या बंदराच्या गावी एका घरात एक लहानसे गाऱ्हाणे निघाले. घरातील मेणबत्त्या फार लवकर संपू लागल्या होत्या. शोध घेता असे आढळले की, घरची मुलगी मेरी रात्री जागून युक्लिडची भूमिती वाचते. आईने हुकूम केला : मेरी निजावयास गेली की तिच्या खोलीतील मेणबत्ती काढून न्यावी. तोवर युक्लिडची पहिली सहा पुस्तके तिची वाचून झाली होती. मग ती अंधारात पडल्या पडल्या पहिल्या पुस्तकापासून आरंभ करी आणि रोज काही सिद्धांत मनातल्या मनात सोडवी. पुस्तक नाही, दिवा नाही. परंतु भूमिती चालूच राहिली.

हीच मुलगी पुढे मेरी सॉमरव्हिल या नावाने प्रसिद्धीस आली. लाप्लासचे ग्रहगणित इंग्रजी वाचकांना उलगडून सांगणारा तिचा ग्रंथ १८३१ साली निघाला, आणि तो केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेला.

श्रोतेहो, घरी बसून, आपल्या गतीने भूमिती शिकण्याची जी सोय आज संगणकाने करून दिली आहे, ती अगदी नवी आहे असे आपण समजतो. साधन नवे आहे खरे. रीत मात्र जुनी आहे.

फ्रान्समधील ब्लेझ पास्कालचे उदाहरण घ्या. त्याचा जन्म १६२३ चा. तो शाळेत कधी गेलाच नाही. वडिलांनीच त्याला घरी शिकविले. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून त्यांनी गणिताची पुस्तके दृष्टीआड ठेवली होती. पास्कालच्या बहिणीने लिहून ठेवले आहे की, बारा वर्षांचा हा मुलगा कोळशाने फरशीवर आकृत्या काढीत बसे. शब्द ठाऊक नव्हते, म्हणून रेषेला तो दांडा म्हणे आणि वर्तुळाला कडे. असे करता करता तो युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील बत्तिसाव्या सिद्धांतापर्यंत पोहोचला : त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन. वडिलांनी हे पाहिले, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी मुलाच्या हाती युक्लिडचा ग्रंथ दिला.

तिसरे उदाहरण प्रौढ माणसाचे आहे. अब्राहम लिंकन यांनी १८६० साली लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात म्हटले आहे की, त्यांचे सारे शालेय शिक्षण एकत्र केले तरी ते वर्षभराचेही भरणार नाही. काँग्रेसमधील त्यांची मुदत १८४९ साली संपली. युक्लिडच्या सहा पुस्तकांवर जवळजवळ प्रभुत्व मिळविले ते काँग्रेसचे सभासद झाल्यानंतर, असे ते नमूद करतात. म्हणजे त्या वेळी वय चाळिशीच्या आसपास, आणि पोटापाण्यासाठी वकिली चालू!

एकट्याने शिकण्यास भूमिती इतकी सोयीची का, याचे उत्तर युक्लिडच्या रचनेतच आहे. तेथील प्रत्येक सिद्धांत आधीच्या सिद्धांतांवर उभा असतो. पायरी चुकली तर पुढची चढताच येत नाही. सिद्धता पुरी झाली की नाही, हे विद्यार्थी स्वतः तपासू शकतो. उशीर झाला म्हणून सिद्धांत रागावत नाही.

आज हे पुस्तकाबरोबर पडद्यावरही आले आहे. अमेरिकेत सलमान खान यांनी २००४ साली दूरगावच्या नात्यातील बहिणीला गणित शिकविण्यास आरंभ केला. त्यातून २००८ मध्ये खान अकादमी उभी राहिली. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी घडविलेल्या जिओजेब्रात त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशांवर अढळ राहते. आपल्या देशात १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. तेथे शाळेबाहेरच्या मुलाला एकेक विषय करीत पुढे जाता येते.

तरीही शिक्षिका या नात्याने एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या वर्गातील एक मुलगी आजारपणामुळे नववीच्या मध्यापासून घरीच राहिली. तो बत्तिसावा सिद्धांत मी तिला फळ्यावर शिकविला होता. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, व्युत्क्रम कोन समान दाखविले, आणि घंटा झाली. तिचा हात वर होता. मी “उद्या” म्हटले. तो उद्या आला नाही.

पुढे मी तिला भेटावयास गेले. तोच पाठ तिने संगणकावर कितीदा तरी थांबवून पाहिला होता. ती म्हणाली, “बाई, ती समांतर रेषा आकृतीत नव्हतीच. मग ती काढावी हे सुचते कसे?” पाठात सारे होते, एवढे मात्र नव्हते, माझ्या फळ्यावरही नव्हते. मी कागदाचा एक त्रिकोण कापून तिला दिला आणि खालचे दोन कोपरे फाडून वरच्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना लावण्यास सांगितले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. तिने लावले. वरची कड सरळ झाली. क्षणभर थांबून ती म्हणाली, “हीच ती रेषा!”

त्या दिवशी मला माझ्या तासाच्या घंटेची लाज वाटली. घरी शिकणाऱ्या मुलाला घंटा नसते, हे त्याचे मोठे भाग्य. पण पडद्यावरील सिद्धता भराभर पाहिली की आपल्याला ती आली असा भास होतो, हा त्यातील धोका. मेरीची मेणबत्ती नेल्यावर जे तिच्यापाशी उरले, तेवढेच तिचे होते. म्हणून पाठ संपला की पडदा बंद करावा, कोरा कागद घ्यावा आणि तोच सिद्धांत पुन्हा मांडून पाहावा. जेथे अडेल तेथे खूण करावी. आणि ती खूण दाखविण्यासाठी एखादे जाणते माणूस जवळ असावे. मेरीला युक्लिड मिळाला तो भावाच्या शिक्षकामार्फत, पास्कालला वडिलांकडून. एकट्याने शिकावे, एकटे मात्र पडू नये.