हेसची खातेवही

बारावीच्या रसायनशास्त्रात एन्थॅल्पीचे प्रकार पाठ करावे लागतात. निर्मितीची, ज्वलनाची, उदासिनीकरणाची, विरघळण्याची, बंध तोडण्याची... वाटतं, या सगळ्या वेगवेगळ्या भानगडी आहेत. पण ही एकाच खातेवहीतली पानं. हिशेबाचा नियम घालून दिला तो जर्मेन हेसने.

हा माणूस जन्मला जिनिव्हात, १८०२ साली. लहानपणीच रशियात आला, डॉक्टरकी शिकला, सैबेरियात इर्कुत्स्कला काही काळ ती केलीही, आणि मग सेंट पीटर्सबर्गला येऊन रसायनशास्त्रात रमला. त्याने सल्फ्युरिक आम्ल घेतलं. कधी ते तसंच अमोनियाच्या द्रावणाने उदासीन केलं, कधी आधी पाणी घातलं आणि मग अमोनिया. आधी पाणी जास्त घातलं की तेव्हाच जास्त उष्णता निघायची आणि अमोनियाच्या वेळी तेवढी कमी. बेरीज मात्र जवळपास तीच! १८४० साली त्याने नियम मांडला: वाट कुठलीही घ्या, एकूण उष्णता तेवढीच.

गंमत म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा प्रस्थापित व्हायचा होता. मायरचा लेख १८४२चा, जूलचा १८४३चा, हेल्महोल्ट्झचा १८४७चा.

आता याचा उपयोग काय? कार्बन जाळून फक्त कार्बन मोनॉक्साइड बनवायला जा, थोडा डायऑक्साइड होतोच. म्हणजे ती उष्णता सरळ मोजता येत नाही. पण एक मोल कार्बन पूर्ण जळताना ३९३.५ किलोज्यूल निघतात आणि एक मोल मोनॉक्साइड जळताना २८३. वजाबाकी करा: ११०.५. न मोजलेला आकडा हातात! म्हणूनच निर्मितीच्या आणि ज्वलनाच्या एन्थॅल्पीचे तक्ते करून ठेवतात. थोडी मोजमापं, बाकी सगळं गणित. आम्ही प्रोग्रामर मंडळी म्हणू, उत्तर फक्त पहिल्या आणि शेवटच्या स्टेटवर ठरतं, मधे कितीही फंक्शन कॉल होवोत.

पुढे कोपनहेगनचा थॉमसेन आणि पॅरिसचा बर्थेलो यांनी आयुष्यभर अशी मोजमापं केली. पण दोघांनाही वाटलं की जिथे जास्त उष्णता निघते, तीच प्रक्रिया आपणहून होते. आता नवसागर पाण्यात टाकून बघा. पाणी गार होतं, तरी तो आपला विरघळतोच! एकट्या एन्थॅल्पीवर निकाल लागत नाही, एंट्रॉपीही बघावी लागते, हे गिब्जने १८७०च्या दशकात दाखवलं.

आणि ‘एन्थॅल्पी’ हा शब्द? तो लायडनच्या कामरलिंग ओनेसचा, छापून आला १९०९ साली. हेस तर १८५०लाच गेला. ज्या राशीचा हिशेब त्याने जमवून दाखवला, तिचं नाव त्याच्या कानावर कधी पडलंच नाही.

असो. पुस्तकात ही यादी व्याख्यांनी सुरू होते. हेसच्या दोन भांड्यांपासून सुरू झाली असती, तर पाठ करायला फारसं काही उरलंच नसतं.