माळढोक अभयारण्य, नान्नज

माळढोक पक्ष्यासाठी राखलेले महाराष्ट्रातील गवताळ माळरानांचे संरक्षित क्षेत्र. १९७९ मध्ये घोषित. सोलापूर व अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यांत सु. ८,४९६ चौ. किमी. पसरलेल्या या क्षेत्रात शेते, गावे व रस्तेही आले. जमिनीचे व्यवहार आणि बांधकामे यांवरील निर्बंधांमुळे शेतकऱ्यांत नाराजी पसरली. पुढे हद्दीची फेररचना होऊन क्षेत्र सु. १,२२२ चौ. किमी. ठरले.

माळढोकाची मादी पावसाळ्याच्या सुमारास उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते गुरांच्या पायाखाली फुटू शकते. म्हणून विणीच्या काळात चराई रोखणे आवश्यक. एरवी हा पक्षी ज्वारी-हरभऱ्याच्या शिवारात नाकतोडे, किडे व दाणे टिपतो. कोरडवाहू शेती त्याला पोषक, तर बागायती ऊस व द्राक्षबागा आणि विजेच्या तारा घातक ठरल्या. आज येथे माळढोक अत्यंत दुर्मिळ असला, तरी काळवीट, लांडगा व खोकड यांचा हा अधिवास आहे.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. धनगरांच्या मेंढ्यांचे ते कुरण आहे. आळीपाळीने चराई, गवतकापणीचा स्थानिकांना लाभ आणि कोरडवाहू ज्वारीला रास्त भाव मिळाल्यासच माळ व गाव दोन्ही टिकतील.