चौकटी मोडणारे विणकर

यंत्राला आंधळा विरोध करणाऱ्या मनुष्यास इंग्रजीत आजही ‘लडाइट’ म्हणून हिणविले जाते. परंतु ज्या कारागिरांवरून हे नाव पडले, ते खरोखर यंत्राचे वैरी होते काय?

इंग्लंडच्या नॉटिंगहॅम परगण्यात पायमोजे विणण्याचा मोठा धंदा होता. मोजे विणण्याची चौकट विल्यम ली याने १५८९ साली शोधून काढली. १८११ साली तिच्यावर हातोडे पडू लागले, तेव्हा ती कारागिरांना नवखी नव्हती. कित्येक पिढ्यांचे पोट तिच्यावरच चालले होते. पुष्कळजण तर मालकाला भाडे भरून ती वापरीत.

मग बिनसले कोठे? नेपोलियनशी चाललेल्या युद्धाने व्यापार मंदावला, धान्य महागले. काही मालकांनी मजुरी उतरविली. उमेदवारी न केलेली स्वस्त माणसे कामास लावली. रुंद चौकटीवर विणलेले कापड कापून व शिवून हलके मोजे विकावयास काढले. असे मोजे लवकर उसवत आणि बोल साऱ्या धंद्याला लागे. संघटना करावी, तर १७९९ व १८०० च्या कायद्यांची मनाई. तेव्हा ‘नेड लड’ या कल्पित सेनापतीच्या नावाने धमकीची पत्रे निघाली आणि रात्री टोळ्या फिरू लागल्या. तथापि मजुरी कापणाऱ्याच्या चौकटी मोडीत असता रास्त मजुरी देणाऱ्याच्या चौकटी पुष्कळदा तशाच सोडल्या जात. यॉर्कशरमध्ये मात्र लोकरी कापड कातरणाऱ्यांचे कामच यंत्राने हिरावले. तेथे एका गिरणीमालकाचा खूनही झाला. त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

१८१२ साली पार्लमेंटने चौकट मोडणाऱ्यास देहदंड ठरविला. लॉर्ड बायरनने उमरावांच्या सभागृहात त्या विधेयकास विरोध केला, पण तो व्यर्थ गेला. त्याच वर्षी विणकरांनी सनदशीर मार्गही धरला. त्यांच्या धंद्यातील गैरप्रकारांना आळा घालणारे विधेयक लोकसभागृहाने संमत केले. उमरावांनी ते फेटाळले. १८१३ च्या जानेवारीत यॉर्क येथे १७ जण फासावर गेले.

लाकडालोखंडाच्या चौकटीला कायद्याचे संरक्षण मिळाले. ती चालविणाऱ्या हातांना मिळाले नाही. आज यंत्रे हिशेब करतात, मजकूरही लिहितात. यंत्राने वाचविलेल्या श्रमाचा लाभ कोणाच्या पदरी पडतो आणि ज्याचे काम गेले त्याची वास्तपुस्त कोण करतो, हा नॉटिंगहॅमच्या विणकरांचा प्रश्न अजून उत्तराची वाट पाहत आहे.