माँटगोमेरीचा धीर

धर्माने गुलामाच्या पायात बेडी घातली, हे अमेरिकेच्या इतिहासात पानोपानी दिसते. मळेवाले बायबलचा आधार घेऊनच गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवीत. पण त्याच बायबलात गुलामांना मिसर देशातून आपल्या लोकांना सोडवून नेणारा मोशेही सापडला. हा दुसरा वारसा लक्षात घेतल्याशिवाय माँटगोमेरीचा लढा कळत नाही, असे मला वाटते.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली. जो ॲन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रके चक्रमुद्रित केली आणि ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीयांचा बहिष्कार सुरू झाला. नेतृत्व मार्टिन ल्यूथर किंग या तरुण पाद्र्याकडे आले.

जानेवारीअखेर वाटाघाटी फिसकटल्या होत्या. २६ तारखेला किंगना अटक झाली. धमक्यांचे फोन रोजचेच झाले. २७ च्या रात्री असाच एक फोन आला आणि त्यांची झोप उडाली. स्वयंपाकघरात कॉफीचा पेला पुढे ठेवून, भित्रा न ठरता यातून बाहेर कसे पडावे, याचा ते विचार करू लागले. १९५८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनीच हे नोंदवले आहे. मग त्यांनी प्रार्थनेत आपली भीती बोलून दाखवली. न्यायासाठी उभे राहण्यास सांगणारा आवाज त्यांना आतून जाणवला आणि धीर आला. तीन दिवसांनी घरावर बॉम्ब पडला. आत असलेल्या पत्नी कोरेटा व तान्ही मुलगी बचावल्या. दारात संतप्त लोक जमले, काहींच्या हाती शस्त्रे होती. किंगनी त्यांना शांत करून घरी पाठवले.

या धैर्याचे मोल मी त्याने पुढे काय घडवले यावरून करतो. चर्चमध्ये सभा भरत, वर्गणी जमे, कामावर नेणाऱ्या मोटारींची व्यवस्था लागे. मोलकरणी मैलोन्‌मैल चालत. ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्व्हिन, सूझी मॅकडोनाल्ड व मेरी लुईस स्मिथ या चौघींच्या खटल्यात १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निर्णय कायम केला. बहिष्कार ३८१ दिवस टिकला. एका माणसाची प्रार्थना एवढ्या पायांनी चालली.

त्याच्या आदल्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. किंगनी मालकांच्या धर्मातूनच मुक्तीचा अर्थ काढला. बाबासाहेबांनी विषमतेचा धर्मच टाकला. वाटा वेगळ्या, कसोटी एक: माणसाचा कणा ताठ होतो काय? थकलेल्या कार्यकर्त्याने आपल्या श्रद्धेला आणि विचारालाही हाच प्रश्न विचारावा.