पत्त्याआडची फाइल: यूआरएल पुनर्लेखनाची कुळकथा

यूआरएल पुनर्लेखनात वाचक एक पत्ता मागतो आणि सर्व्हर आतल्या आत दुसरीच फाइल चालवतो. सामायिक होस्टिंगवर त्यासाठी लागणारी फाइल आणि यंत्रणा वेगवेगळ्या घराण्यांतून आल्या आहेत.

'डॉट एचटीऍक्सेस' ही फाइल थोरली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'एनसीएसए' केंद्रात १९९३ च्या सुमारास रॉब मॅककूलने वेब सर्व्हर लिहिला. एकाच यंत्रावर अनेकांची पाने असत, म्हणून आपापल्या फोल्डरला कुलूप लावण्याचा अधिकार या फाइलद्वारे प्रत्येकाला मिळाला. १९९५ मध्ये त्याच सर्व्हरवरून अपाचे हा वेब सर्व्हर उभा राहिला आणि ही सोय त्याच्याकडे आली.

पुनर्लेखनाची यंत्रणा, 'मॉड-रीराइट', राल्फ एंगेलशाल या जर्मन प्रोग्रॅमरने एप्रिल १९९६ मध्ये लिहिली आणि जुलै १९९७ मध्ये अपाचे गटाला देऊन टाकली. कुलपासाठी जन्मलेल्या फाइलमध्ये आता पत्ते वळवण्याचे नियमही लिहिता येऊ लागले. मुख्य सर्व्हरला हात लावण्याची मुभा नसलेल्या भाडेकरूसाठी याहून मोठी देणगी नाही. तिची किंमतही आहे: ही फाइल सर्व्हर प्रत्येक मागणीला नव्याने वाचतो, आणि तिच्यातील एक चुकीचे अक्षर संपूर्ण संकेतस्थळावर ५०० क्रमांकाची त्रुटी आणू शकते.

संकेतस्थळे बांधण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीने हे नियम घरोघरी नेले. मागितलेल्या नावाची खरी फाइल किंवा फोल्डर नसेल, तर मागणी 'इंडेक्स डॉट पीएचपी'कडे जाते, एवढाच त्याचा गाभा.

पत्ता का जपावा, याचे उदाहरण चंद्रपुरात आहे. चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तरी चंद्रपूर जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ 'चांदा डॉट एनआयसी डॉट इन' या पत्त्यावरच राहिले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये हाच आग्रह धरला होता: चांगला पत्ता बदलत नाही.

बदलावाच लागला, तर पुनर्लेखन पुरत नाही. मूल किंवा आरमोरी या गावांतील एखाद्या महाविद्यालयाने प्रवेशाचे पान हलवले, तर ३०१ क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन द्यावे. त्यात ब्राउझरला आणि शोधयंत्राला नवा पत्ता उघडपणे कळतो. तो नियम 'डॉट एचटीऍक्सेस'मध्ये वर्डप्रेस आपल्या नियमांभोवती घालतो त्या सुरुवात-शेवटाच्या खुणांच्या वर लिहायचा: खुणांमधला मजकूर वर्डप्रेस स्वतःच पुन्हा लिहितो, आणि खाली लिहिलेल्या नियमापर्यंत मूळ पत्ता पोहोचतच नाही.