पोटगीची कुळकथा

पतिपत्नी विभक्त झाली आहेत, परंतु दाव्याचा निकाल अद्याप लागलेला नाही, अशा अधांतरी काळात बायकामुलांच्या चरितार्थासाठी न्यायालय दरमहा जी रक्कम बांधून देते, तिला मुलुंड-बोरिवलीची लेक ‘पोटगी’ म्हणते आणि गावाकडची तिची आई ‘खावटी’ म्हणते. पहिल्या शब्दाचे शेपूट रवानगी-परवानगीसारखे दफ्तरी असले, तरी दोहोंचा जीव पोटात आहे.

आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती आणि मधुरभाषिणी भार्येचा त्याग करणाऱ्याकडून संपत्तीचा तृतीयांश तिला देववावा, तो निर्धन असल्यास निदान तिचे भरण करवावे, असे स्मृतिकार याज्ञवल्क्य सांगतो. (इतक्या गुणांची बायको कोणी टाकील कशाला, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.) म्हणजे ग्रासाच्छादन, घास आणि वस्त्र, ही मुळात निर्धनाला दिलेली सवलत होती, ऐपतदारासाठी माप निराळे होते.

इंग्रजी अमदानीत या दोन मापांच्या दोन वाटा झाल्या. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याने ख्रिस्ती स्त्रीला, म्हणजे साष्टीतल्या मरोळ-अंधेरीच्या ईस्ट इंडियन बाईलाही, दावा चालू असता नवऱ्याच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक-पंचमांशापर्यंत रक्कम देऊ केली. हिंदू शेजारणीसाठी देशभराच्या कायद्यात तशी तरतूद व्हायला १९५५ साल उजाडले, आणि त्या हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाने निष्कांचन नवऱ्यालाही कमावत्या बायकोकडे मागण्याची मुभा ठेवली.

दुसरी वाट फौजदारी. टाकलेल्या बायकामुलांनी निराधार होऊन भटकू नये एवढाच तिचा हेतू, हे इंग्रज कायदेपंडित जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी स्पष्टच सांगून ठेवले होते. म्हणून १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमात कमाल रक्कम महिना ५० रुपये. १९५५ मध्ये ती ५०० झाली. पुढे १९७३ ची संहिता आली, ४८८ चे १२५ झाले, अंधेरीच्या भातखाचरांवर इमले उठले, परंतु केंद्रीय कायद्यात ५०० चे ५००च राहिले. मर्यादा उठली ती २००१ मध्ये, आणि अंतरिम अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढण्याचे फर्मानही तेव्हाचेच.

१९८९ मध्ये मुंबईत कुटुंब न्यायालय सुरू झाले आणि हे अर्ज तिकडे गेले. आता मुलुंडच्या बाईने कुर्ल्याला उतरून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या या न्यायालयाची रिक्षा शोधावी. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने अंधेरी-बोरिवलीच्या दंडाधिकाऱ्याचे दार मात्र पुन्हा जवळ आणले.

नवऱ्याने उत्पन्न चोरावे, बायकोने खर्च फुगवावा, हा खेळ जुनाच. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने पत्नीला १५,००० रुपये अंतरिम पोटगी लावलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उभयतांना मिळकतीचे व देण्याघेण्याचे शपथपत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजण्यास सांगितले. आता घाटकोपरची एखादी बाई बाकावर बसून मांडीवरच्या पिशवीतून पगारपत्रके, बँकेचे उतारे, शाळेच्या पावत्या काढते आणि वकिलाला विचारते, पोराच्या शाळेच्या रिक्षाचे पैसे कोणत्या रकान्यात लिहू?