कुंपण, शेत आणि एन्रॉन

मुंबईतून निघून वसईची खाडी ओलांडली की विजेची कंपनी बदलते. तिकडे बेस्ट, टाटा वगैरे. इकडे आमच्या निर्मळला २००५ पर्यंत राज्य वीज मंडळ, त्यानंतर महावितरण. म्हणजे मंडळाने दाभोळच्या विजेचा जो करार केला, त्याचा भार वाडीतल्या पाण्याच्या पंपावरही होताच की!

एन्रॉन म्हटलं की आपल्याला राजकारण आठवतं. १९९५ च्या निवडणुकीत प्रकल्प समुद्रात बुडवायची घोषणा केवढी गाजली होती. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी तो इतिहास वेगळ्या कारणासाठी वाचायला हवा. सल्ला कोण देतो आणि त्या सल्ल्यावर कमावतो कोण?

जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं आली आणि काही दिवसांतच, २० जूनला, मंडळाने सामंजस्य करारावर सही केली. टेंडर नाही, स्पर्धा नाही. प्रकल्प कंपनीत सुरुवातीला एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचा प्रत्येकी १० टक्के. आता गंमत बघा. टर्बाइन जनरल इलेक्ट्रिकची, बांधकाम बेक्टेलचं. मालकही तेच आणि माल विकणारेही तेच, मग घासाघीस कोण करणार? शिवाय वीज उचलली नाही तरी ठरावीक आकार मंडळाने भरायचाच होता.

बरं, स्वतंत्र सल्ला मिळालाच नाही असंही नाही. जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. राज्याच्या गरजेच्या मानाने प्रकल्प फार मोठा आणि वीज महाग, असं तिचं म्हणणं. बँकेचा धंदाच कर्ज देण्याचा. म्हणजे 'नाही' म्हणून तिने स्वतःचंच गिऱ्हाईक सोडलं. माझ्या मते असा सल्ला सगळ्यात विश्वासाचा. पण ऐकतो कोण? त्याच वर्षी ८ डिसेंबरला वीज खरेदी करार झाला.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि बिलं मंडळाला झेपेनात. एप्रिल २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने करारावर आणि तो ज्या पद्धतीने झाला त्यावर कडक टीका केली. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणंच थांबवलं. वराती मागून घोडं!

तिकडे अमेरिकेत एन्रॉनचे हिशेब तपासायची आर्थर अँडरसन. तिला २००० साली ऑडिटचे २.५ कोटी डॉलर मिळाले, आणि सल्ला व इतर कामांचे २.७ कोटी. ऑडिटमध्ये कडक वागलं तर त्याहून मोठं दुसरं काम जायची भीती. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ऑडिटरला त्याच कंपनीची आर्थिक माहिती प्रणाली बनवून द्यायला बंदी केली. आपल्याकडे तशीच बंदी २०१३ च्या कंपनी कायद्यात, कलम १४४ मध्ये आहे.

पण ही बंदी ऑडिटरपुरती. समजा, एखाद्या सहकारी बँकेने कोअर बँकिंगसाठी सल्लागार नेमला. तो ज्या सॉफ्टवेअरची शिफारस करतो त्याचाच पार्टनर, आणि इम्प्लिमेंटेशनही त्याच्याच कंपनीकडे. ही कलमं काही त्याच्या आड येत नाहीत. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. आणि त्यासाठी माणूस लबाड असायलाच हवा असं नाही. पगार, टार्गेट, कमिशन सगळं एकाच दिशेला ओढत असेल तर भला माणूसही तिकडेच वळतो.

म्हणून सल्लागाराला पहिल्याच मीटिंगमध्ये विचारावं, "काहीच विकत घेऊ नका, असं उत्तर निघालं तर तुमचं किती नुकसान?" जागतिक बँकेला हे उत्तर परवडलं होतं. ज्याला परवडत नाही त्याने सेल्समन म्हणून जरूर यावं, चहाही प्यावा. फक्त सल्ल्याची फी मागू नये.

असो. शेवटी बिल शेतवाल्यालाच भरायचं असतं.